सोनेरी अक्षरं हळदीसारखी दिसतायत, काय करू?

कृष्णाकाठचं_वांगं | सोमवार, रात्री ९.४०

मंडळी, नमस्कार. तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाला यंदा पन्नास वर्षं होतायत. मी निवृत्त मास्तर, सध्या मुक्काम विश्रामबाग, सांगली. कार्यकारिणीत 'कॉम्प्युटर येणारा' मी एकटाच (म्हणजे मला पीडीएफ उघडता येते), म्हणून मंचामागचा फलक आणि निमंत्रणपत्रिका दोन्ही माझ्या गळ्यात पडलंय.

फलक १२ बाय ८ फुटांचा. त्यावर 'सुवर्णमहोत्सव' एवढा एकच शब्द ठसठशीत, सोन्यात घडवल्यासारखा हवाय. चित्रं करायला जिंप नावाचं सॉफ्टवेअर वापरतो, कारण फुकट आहे. व्हिडिओ बघून बघून जाड अक्षर घेतलं, वरून फिकट पिवळा आणि खाली गडद पिवळा असा ग्रेडियंट (एकातून दुसऱ्यात सरकत जाणारा रंग) भरला, काळी आउटलाइन दिली, मागं सावली टाकली. सौभाग्यवतींना दाखवलं. चष्मा पुसून बघितलं आणि म्हणाल्या, "हळद चांगली आलीय."

सांगलीत राहून हे ऐकायचं म्हणजे कौतुक समजायचं का काय ते कळेना. पण खरंच हळद दिसतेय, आणि तीसुद्धा जरा ओलसर, हिरवट.

दुसरी अडचण. वर वाचनालयाचं नाव कमानीसारखं वळवायचंय. अक्षरं वळलेल्या रेषेवर बसवली की शिरोरेषेला करवतीसारखे दात येतात. उपाय सांगा. चित्र जोडलंय. हसलात तरी चालेल.

बेदाणा | रात्री ९.५२

सर, हळद नाही, पिठलं वाटतंय.

कंदी_पेढा | रात्री ९.५५

सातारकरांना बोलवा. आमच्याकडं पेढ्याच्या बॉक्सवरचं सोनं पण खरं दिसतं.

बेदाणा | रात्री ९.५७

बॉक्सच बघत बसा तुम्ही. आत काय असतंय ते आम्ही खातो.

भडंग_न्यूजर्सी | रात्री १०.३०

सर, तुमचा ग्रेडियंट पिवळ्यापासून पिवळ्यापर्यंतच जातोय, गडबड तिथंच आहे. सोनं हा काही एक रंग नाही. धातू गुळगुळीत असतो, त्यात आजूबाजूचं सगळं दिसतं: वर आकाशाचा उजेड, खाली जमिनीचा अंधार, मध्ये कुठंतरी दिव्याची तिरीप. त्यामुळं उजेड आणि अंधार एकमेकांना खेटून यायला हवेत. हळूहळू गडद होत गेलं की डोळा त्याला धातू मानतच नाही, रंगवलेली भिंत मानतो.

चार-पाच टप्प्यांचा ग्रेडियंट करा. वरून खाली: फिकट (लाल २५५, हिरवा २४०, निळा १७०), मग सोनेरी (२३५, १८०, ६०), मग एकदम तपकिरी (११०, ६०, १५), लगेच परत फिकट, आणि शेवटी सोनेरी. तपकिरी आणि त्याच्या खालचा फिकट यांत अंतर जवळजवळ नकोच. त्या एका कडक रेषेवर सगळी चमक उभी राहते.

फोटोशॉप असेल तर हेच ग्रेडियंट ओव्हरलेमध्ये. जिंपमध्ये टेक्स्ट लेयरची (अक्षरांच्या थराची) नक्कल करा, अल्फा चॅनेल लॉक करा (म्हणजे रंग अक्षराबाहेर जात नाही) आणि ग्रेडियंट ओढा. मूळ टेक्स्ट लेयर मात्र डोळा बंद करून ठेवून द्या, कारण रंगवलेल्या लेयरमधला मजकूर परत दुरुस्त करायला गेलात की रंग उडून जातो.

पेंटरची_लेक | रात्री ११.१५

वरचं सगळं बरोबर आहे, पण हिरवट का दिसतंय ते राहिलंच की. मास्तर, पिवळा गडद करायला तुम्ही काळा घातला असणार.

माझे वडील सांगलीत दुकानांच्या पाट्या रंगवायचे. इनॅमल, पत्रा आणि फ्लॅट ब्रश. मी शाळेतून आले की डबे धरून उभी. पिवळ्यात काळ्याचा थेंब जरी पडला तरी ओरडायचे, कारण पिवळ्यात काळा गेला की शेवाळ होतं. पिवळा गडद करायचा तर लाल किंवा गेरू घालायचा, आणि अगदी सावलीत तांबूस तपकिरी. सोनेरी रंगाचा डबा आमच्याकडं असायचा, पण ते तो पाटीवर वापरायचे नाहीत. म्हणायचे, उन्हात काळा पडतो. पिवळा, गेरू, तपकिरी आणि पांढरा, एवढ्यातच सोनं करायचे.

आणि पांढरा सगळ्यात शेवटी. सगळं वाळल्यावर, काना जिथं शिरोरेषेला भेटतो त्या कोपऱ्यात एकच फटकारा. डाव्या हातात काठी, तिच्या टोकाला कापडाचा बोळा, तो पत्र्यावर टेकवायचा आणि काठीवर उजवं मनगट. श्वास धरून. प्रत्येक अक्षराला नाही, तीन-चार अक्षरांत एखादाच. तेवढ्यानं पाटी चमकायची. तुमच्या चित्रात प्रत्येक अक्षराच्या प्रत्येक कडेला चमक आहे, म्हणून कुठंच चमकत नाहीये.

कृष्णाकाठचं_वांगं | मंगळवार, सकाळी ६.१०

@पेंटरची_लेक, ताई, काळाच घातला होता. ग्रेडियंट बदलला, बराच फरक पडला. सौ. आता म्हणतायत, "गूळ." प्रगती आहे.

फ्लेक्सवाला_मिरज | सकाळी ११.२०

दुकान उघडून पहिला हाच धागा वाचला. मी रोज दहा-पंधरा फ्लेक्स काढतो, त्यातले बारा वाढदिवसाचे. माझे दोन शब्द.

१२ बाय ८ ची फाइल ३०० रिझोल्यूशनला करू नका, लॅपटॉप रडेल. फ्लेक्स लांबून बघतात. पूर्ण मापाला ३६ पिक्सेल इंचाला धरले तरी ५१८४ बाय ३४५६ होतात, तेवढ्यावर मंचामागचा फलक व्यवस्थित निघतो. ७२ ला केलात तर १०३६८ बाय ६९१२. मशीन असेल तसं करा.

पण सुरुवातीपासून त्याच मापात काम करा. लोक छोट्या चित्रावर ६ पिक्सेलची आउटलाइन देतात, मग चित्र मोठं करून आणतात आणि कडा फाटल्या म्हणून माझ्याशी भांडतात. फोटोशॉपवाल्यांनी इमेज साइज बदलताना स्केल स्टाइल्सची खूण तपासा, नाहीतर अक्षर मोठं होतं आणि आउटलाइन केसाएवढीच राहते.

आणि कोरलड्रॉमधून फाइल आणणाऱ्यांनो, अक्षरं कर्व्ह करून आणा, म्हणजे फाँट सुटून नुसते आकार उरतात. तुमचा फाँट माझ्याकडं नसतो. मागं एकानं जुन्या फाँटातली फाइल तशीच दिली होती, माझ्याकडं उघडल्यावर वर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. त्यांना वाटलं मी फाइल बिघडवली.

आज्जीचा_चष्मा | सकाळी ११.४८

खिचडीचं कारण म्हणजे ते जुने मराठी फाँट युनिकोडचे नाहीतच. इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी तुकडे बसवलेले असतात. फाँट गेला की खालची इंग्रजी उघडी पडते. सरांनी युनिकोड फाँटच घेतलाय ना?

कृष्णाकाठचं_वांगं | दुपारी १२.०५

हो, 'बालू' नावाचा. जाडजूड, गुटगुटीत आहे.

सूक्ष्मकोन | दुपारी १.३०

मला हा सगळा खटाटोपच पटत नाही. पन्नास वर्षांच्या वाचनालयाला सोन्याचा मुलामा कशाला? चांगल्या वळणाचं अक्षर, मरून रंग, पांढरी पार्श्वभूमी, बस्स. आज गावोगावच्या चौकात जे फुगलेलं, सोनेरी, तीन आउटलाइनींचं अक्षर लटकतंय ते बघून डोळे दुखतात. वाढदिवस कोणाचा, शुभेच्छुक कोण, काही कळत नाही. सगळे 'भावी'.

बेदाणा | दुपारी १.३४

आमच्या चौकात एकाचा फ्लेक्स होता, 'भावी माजी सरपंच'. माणूस दूरदृष्टीचा.

फ्लेक्सवाला_मिरज | दुपारी १.४०

@सूक्ष्मकोन, साधं अक्षर आणलं तर गिऱ्हाईक म्हणतंय "भाऊ, ह्यात काय केलंच नाही की." तीन आउटलाइनींमागं कारण पण आहे. मागं फोटो असतो, त्यात डोकी, झेंडे, ढग, सगळं. त्यावर अक्षर वाचायचं तर अक्षराभोवती एक गडद कड आणि तिच्याबाहेर एक फिकट कड लागतेच. मग मागं काय पण असू दे.

पेंटरची_लेक | दुपारी ३.०२

बाबा पण दुहेरी कड करायचे, विशेषतः ट्रकच्या मागच्या फळीवर. त्यामुळं कड वाईट असं नाही. @सूक्ष्मकोन यांचं दुखणं वेगळं आहे, ते मला पटतं: कड अक्षराला धरून नसते. 'व'च्या पोटात, 'म'च्या गाठीत, रफाराखाली जागा किती आहे ते न बघताच जाडी वाढवतात. मग पोट बुजतं आणि अनुस्वार मात्रेला जाऊन चिकटतो.

भडंग_न्यूजर्सी | संध्याकाळी ७.१०

(इथं सकाळ आहे, चहा घेत लिहितोय, भडंग संपलंय.)

ताईंचा मुद्दा मोठा आहे. बरेचसे व्हिडिओ इंग्रजी अक्षरं धरून केलेले असतात. ती सुटी सुटी असतात. आपलं अक्षर दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखं, सगळं शिरोरेषेला लटकलेलं. तिथून तीन गोष्टी बिघडतात.

एक, अक्षरांतलं अंतर. ट्रॅकिंग वाढवलं की रेषा तुटते. इंग्रजीत ऐसपैस दिसतं, मराठीत दात पडल्यासारखं. ते शून्यावर ठेवा.

दोन, सांधे. प्रत्येक अक्षराची रेषा शेजारच्यावर जराशी चढलेली असते. फोटोशॉपचा स्ट्रोक अख्ख्या लेयरच्या बाहेरून फिरतो, त्यामुळं तिथं काही दिसत नाही. पण कोरल, इलस्ट्रेटर, इंकस्केपमध्ये आउटलाइन प्रत्येक अक्षराला वेगळी बसते आणि रेषेवर दर अक्षराला एक उभी चीर दिसते. त्यासाठी आधी कर्व्ह करून सगळी अक्षरं वेल्ड करायची, म्हणजे एकजीव (इंकस्केपमध्ये युनियन), मग आउटलाइन.

तीन, सरांची कमान. रेषेवर बसवलं की प्रत्येक अक्षर आपापलं, सरळचं सरळ, नुसतं कलतं. शिरोरेषा वाकत नाही, म्हणून दात. आपल्याला अख्खा शब्द एकसंध वाकवायचाय. फोटोशॉपमध्ये वार्प टेक्स्टमधला आर्क. जिंपमध्ये डिस्टॉर्ट्समधलं कर्व्ह बेंड. सगळ्यात स्वच्छ काम इंकस्केपमध्ये: अक्षरांचा पाथ करा (कर्व्हचंच तिथलं नाव) आणि बेंड हा पाथ इफेक्ट लावा. वाक मात्र कमीच ठेवा, फार वाकवलं की कडेचे काने फाकतात.

कंदी_पेढा | संध्याकाळी ७.२५

फोटोशॉपमध्ये मला 'किल्ला' लिहिलं की वेलांटी पलीकडं जाऊन बसायची, अर्धा ल वेगळाच. दोन वर्षं मी ती वेलांटी कापून हातानं अलीकडं आणत होतो. आता हसू नका.

आज्जीचा_चष्मा | संध्याकाळी ७.४१

हसत नाही, पण दोन वर्षं? तुमचं फोटोशॉप जुनं असणार. त्यात प्रेफरन्सेसमध्ये टाइप उघडा, टेक्स्ट इंजिन मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन करा, मग पॅराग्राफच्या मेनूत वर्ल्ड रेडी लेआउट. जिंपवाल्यांना ही भानगड नाही, तिथं जोडाक्षरं आपोआप जुळतात.

कंदी_पेढा | संध्याकाळी ७.५८

झालं!! 'अजिंक्यतारा' पहिल्या फटक्यात आला. पेढे माझ्याकडून.

नवखा_विटेकर | रात्री ९.००

एवढं कशाला करताय काका, एआयला सांगा की. "सोन्याच्या अक्षरात सुवर्णमहोत्सव." दोन मिनिटांत काम.

कृष्णाकाठचं_वांगं | रात्री ९.३५

नातवानं केलं होतं ते आधीच. सोनं अस्सल आलं, अगदी सराफ कट्ट्यावरचं. शब्द मात्र 'सुर्वणमहोत्यव'. चौतीस वर्षं मराठी शिकवलंय हो मी.

बेदाणा | रात्री ९.३७

सर, उत्यव तर उत्यव. जेवण आहे ना?

रेघोट्या | बुधवार, सकाळी १०.१५

बराच उशीर झाला, पण बेव्हलबद्दल कोणीच बोललं नाही. बेव्हल म्हणजे अक्षराला उठाव. सरांच्या चित्रात उजेड डावीकडून येतोय आणि सावलीही डावीकडंच पडलीय. दोन सूर्य झाले. फोटोशॉपमध्ये ग्लोबल लाइट चालू ठेवलं की बेव्हल आणि सावली एकाच कोनाचं ऐकतात. जिंपमध्ये सावलीचा आडवा आकडा ऋणाचा धन करा.

उठावाचा आकार अक्षराच्या जाडीवर ठरवा. बालूसारख्या जाड फाँटला चालतो. रोझा वन या फाँटमध्ये जाड-बारीक फरक खूप, तिथं बारीक भागाला उठाव दिला की ती नुसती तार होते. 'एक टाइप' या संस्थेचा 'मोदक' तर इतका फुगलेला आहे की त्याला उठाव नकोच, तो फाँट स्वतःच उकडीचा. पाटीचं वळण हवं असेल तर यात्रा वन बघा, मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून केलाय.

आणि तो ग्रेडियंटमधला कडक पट्टा कुठं पडतोय ते बघा. ग्रेडियंट अख्ख्या शब्दाच्या उंचीवर पसरतो. वर रफार आणि 'हो'ची मात्रा, खाली 'सु'चा उकार, तेही मापात धरले जातात. त्यामुळं पट्टा भलतीकडंच, अक्षरांच्या कमरेत जातो. तो वर ओढून शिरोरेषेच्या लगेच खाली आणा. रेषा उजळ, तिच्याखाली अंधार, मग परत उजेड. शब्द रेषेला टांगल्यासारखा दिसेल.

पेंटरची_लेक | सकाळी १०.४०

@रेघोट्या, अगदी. बाबांच्या पाट्यांत रेषेखाली एक बारीक तपकिरी ओढ असायची. ती कशासाठी ते मला आज कळलं. एवढी वर्षं वाटायचं, शोभेला.

मोडी_वळण | दुपारी १२.३०

विषयांतर करतो. गावभागातल्या आमच्या जुन्या घराखालच्या दुकानावर अशीच हातानं रंगवलेली पत्र्याची पाटी होती, तिच्यावर नवा फ्लेक्स ताणलेला. २०१९च्या पुरात पाणी पाटीच्या वर गेलं. ओसरल्यावर फ्लेक्स गाळासकट लोंबत होता, आम्ही ओढून काढला. खाली पाटी, चिखल पुसला तर अक्षरं जागच्या जागी. 'ड'च्या पोटातली ती पांढरी चमकसुद्धा. दुकानदार पुढचे चार महिने तीच वापरत होता.

फ्लेक्सवाला_मिरज | दुपारी १२.४२

धंद्याची बदनामी थांबवा.

रेघोट्या | दुपारी १.०५

@कृष्णाकाठचं_वांगं, पत्रिका कशी छापणार आहात? साधी ऑफसेट की सोनेरी फॉइल?

कृष्णाकाठचं_वांगं | दुपारी २.२०

फॉइल. अध्यक्षांची इच्छा. फलकाचंच सोनेरी अक्षर लहान करून देणार होतो.

रेघोट्या | दुपारी २.३१

थांबा! फॉइलला हे काहीच लागत नाही. तिथं खरी चकचकीत फॉइल गरम ठशानं कागदावर दाबतात. चमक तीच आणते. ठसा करायला त्यांना नुसतं सपाट, शंभर टक्के काळं अक्षर हवं. ग्रेडियंट नाही, सावली नाही, उठाव नाही, करडा तर अजिबात नाही. आणि पत्रिकेवर अक्षर छोटं असतं, 'म'च्या गाठीतली बारीक फट दाबानं भरून जाते, म्हणून तिथं बालू नको, मोकळ्या पोटाचा मुक्ता घ्या. फाइल इंकस्केपमधून पाथ करून द्या.

सूक्ष्मकोन | दुपारी २.५०

म्हणजे खरं सोनं हवं तर अक्षर साधंच ठेवायचं. मी कालपासून दुसरं काय सांगतोय?

बेदाणा | दुपारी २.५२

जिंकलात. घ्या, भावी समीक्षक.

कृष्णाकाठचं_वांगं | शुक्रवार, रात्री ८.१५

मंडळी, अहवाल देतो.

काळा काढला, तांबूस तपकिरी आणला. तपकिरी आणि फिकट एकमेकांना खेटवले, पट्टा शिरोरेषेखाली ओढला. सूर्य एकच ठेवला. गडद मरून कड, तिच्याबाहेर बारीक पांढरी. सावली उजवीकडं. पांढरी चमक सगळीकडून पुसली आणि ताईंनी सांगितली तशी तीनच ठिकाणी हातानं ठेवली: 'सु'च्या काना-रेषेच्या कोपऱ्यात, 'म'वर आणि शेवटच्या 'व'वर. चौथी 'र्ण'च्या रफारावर ठेवली होती. फार शोभत होती, पण मोह आवरला.

मग फ्लेक्सवाल्यांकडं जाऊन नुसता 'सु' खऱ्या मापात छापून आणला आणि वाचनालयाच्या हॉलमध्ये टांगला. शेवटच्या खुर्चीवर जाऊन बसलो. स्क्रीनवर ठसठशीत वाटणारी पांढरी चमक तिथून दिसेचना, म्हणून दुप्पट जाड केली. कडा बऱ्या दिसल्या. ग्रंथपाल पुस्तकं लावत होते, त्यांनी विचारलं, "सर, 'सु' म्हणजे कोण?"

घरी पूर्ण चित्र दाखवलं. सौ.नी बराच वेळ बघितलं. "बांगड्यांसारखं दिसतंय," म्हणाल्या. मग, "त्यावरून आठवलं," म्हणाल्या. पुढचं इथं लिहीत नाही.

कमान इंकस्केपच्या बेंडनं झाली, एकही दात नाही. फलकाची फाइल आणि फॉइलच्या पत्रिकेची फाइल, दोन्ही @फ्लेक्सवाला_मिरज यांना आत्ताच पाठवल्या. पत्रिकेचं तेच पुढं करून देणार आहेत. शुद्धलेखन तिघांनी तपासलंय.

पेंटरची_लेक | रात्री ८.३०

फोटो टाका की मास्तर! बाबांना दाखवायचाय. हात थरथरतो आता, पण चुका अजून लांबूनच दिसतात त्यांना.

कृष्णाकाठचं_वांगं | रात्री ८.४४

जोडला बघा.

पेंटरची_लेक | रात्री ९.०६

बाबा म्हणतात, 'म'वरची चमक दोन बोटं डावीकडं हवी. बाकी चालेल.

फ्लेक्सवाला_मिरज | रात्री ९.२०

सर, दोन्ही फाइली मिळाल्या. फलक एक नंबर. पत्रिका उघडली. अक्षरं कर्व्ह केलेली नाहीत.

कृष्णाकाठचं_वांगं | रात्री ९.२२

करतो. आणि 'म'ची चमक पण सरकवतो, फलक उद्या सकाळपर्यंत थांबवा.